आजोबांची मॅच रायफल घरात राखायची असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फौजी घरं पुष्कळ. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. निवृत्तीनंतरही नेमबाजी न सोडलेले सुभेदार, एनसीसी शिकवता शिकवता टार्गेटच्या नादाला लागलेले मास्तर आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार सोडून कागदावर नेम धरू लागलेले जुने शिकारी असे लोक इथे बऱ्याच गावांतून सापडत. त्यांच्या .22 च्या (0.22 इंच नळीच्या) मॅच रायफली, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठीच्या रायफली, आता मुलानातवंडांच्या वाट्याला येत आहेत. ट्रंक उघडते, कापडात गुंडाळलेली जड रायफल निघते आणि घरातल्या कोणालाच पुढचं माहीत नसतं.

आमच्या घरी काकांची बीएसए मार्टिनी निघाली. ती माझ्या नावावर करून घेईपर्यंत जे समजलं ते इथे क्रमाने मांडतो. एक गोष्ट आधीच सांगतो. कागदांचं काम आणि आठवणींचं काम वेगवेगळं धरू नका. दोन्ही एकाच ट्रंकेत असतात आणि दोन्हींची माहिती त्याच दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना असते. आधी कागद उरकू, आठवणी सवडीने लिहू असं म्हणाल, तर तोवर सांगणारं माणूस राहिलेलं नसतं.

1. आधी ओळख, तीही हात न लावता

रायफल भरलेलीच आहे असं धरून चाला. नळी कोणाच्या दिशेला करू नका, चाप ओढून बघू नका, पोराटोरांना जवळ येऊ देऊ नका. .22 च्या अनेक जुन्या रायफलींत रिकामा चाप ओढला तर पिन थेट चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) काठावर आपटते आणि तिथे कायमचा खळगा पडतो. त्यामुळे "चालते का बघू" हा प्रयोग सुरक्षिततेच्या दृष्टीने वाईट आणि रायफलीसाठीही वाईट.

नुसत्या डोळ्यांनी पुष्कळ समजतं. मॅच रायफल जड असते, पाच-सहा किलो सहज भरते. नळी जाड, मॅगझिन बहुधा नाही, एका वेळी एकच राउंड. मागे बारीक भोकाची पीपसाइट आणि तिला टकटक फिरणारी दोन बटणं, पुढे बोगद्यासारखी माशी (नेम धरायची पुढची खूण), जिच्यात वेगवेगळ्या मापाच्या रिंगा बसतात. लाकडी दस्त्याखाली हातटेकू सरकवायला पट्टी असते. हलकी, मॅगझिनची, उघड्या खाचेची असेल तर ती शिकारी किंवा सरावाची रायफल. ती राखण्याजोगी नाही असं नव्हे, पण ती वेगळी वस्तू आहे.

आपल्याकडे जुन्या घरांत निघतात त्यांतल्या काही खुणा:

बीएसए, बर्मिंगहॅम. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली हे तिचं चिन्ह. मार्टिनी असेल तर बोल्ट (काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा दांडा) नसतो. खालचा खटका ओढला की आतला ठोकळा खाली जातो. मार्टिनी इंटरनॅशनल हे मॉडेल 1950 पासूनचं.

आन्शुट्झ, जर्मनी. कारखाना 1856 चा, मूळचा त्सेला-मेहलिसचा, दुसऱ्या महायुद्धानंतर 1950 मध्ये उल्म गावी नव्याने उभा राहिला. मॅच 54 नावाची तिची बोल्टची रचना 1954 मध्ये आली. नळीवर हरणाच्या शिंगाचा ठसा दिसला तर तो उल्मच्या तपासणी केंद्राचा. त्याच्या शेजारी दोन रोमन अक्षरं असतात, ते तपासणीचं साल. ए म्हणजे 0, बी म्हणजे 1, असं पुढे आय म्हणजे 8 पर्यंत, मग जे गाळून के म्हणजे 9. 'एच सी' असेल तर 72, म्हणजे 1972.

फाइनवेर्कबाऊ किंवा डायना. या बहुधा छऱ्यांच्या, म्हणजे एअर रायफली. इथे एक घोटाळा होतो. 4.5 मिलीमीटर नळीची, 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल परवान्याविना ठेवता येते, आणि 10 मीटरच्या मॅच एअर रायफली यातच बसतात. पण जुन्या काही एअर गन 5.5 मिलीमीटरच्या असतात. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 पेक्षा मोठ्या नळीला परवाना लागतो. "छऱ्याचीच तर आहे" म्हणून सोडून देऊ नका, माप बघा.

2. परवानाधारक गेले असतील तर आधी जमा

हे कोणाला आवडत नाही, मलाही जड गेलं. पण माणूस गेला की त्याच्या नावच्या परवान्यावर घरातल्या दुसऱ्या कोणाला रायफल बाळगता येत नाही. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. विक्रेत्याकडे ठेवणावळ द्यावी लागते, पण रायफल कोरडी राहते. माझं मत विचाराल तर चांगल्या मॅच रायफलीसाठी ते पैसे जरूर खर्चा.

पावती नुसती "एक रायफल" अशी घेऊ नका. तिच्यावर हे सगळं लिहून घ्या: कंपनी, नळीवरचा नंबर, बोअर (नळीचं आतलं माप), पीपसाइट आहे की नाही, माशीच्या रिंगा किती, पट्टा, हातटेकू, दस्त्याची अवस्था. सुटे भाग एका डबीत घालून डबीवर नंबर लिहा. पीपसाइट हरवली तर मॅच रायफलीचा प्राणच गेला, आणि तशी जुनी साइट पुन्हा मिळवणं फार अवघड. 1980 च्या दशकापासून सर्वसामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. जे देशात आहे तेच फिरतं.

देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. ट्रंकेत जुनी काडतुसं निघाली तर तीही मोजून त्याच पावतीवर जमा करा.

नंबर खरवडलेला किंवा दुसरा ठोकलेला दिसला तर मात्र आधी वकिलाला गाठा. तसं शस्त्र बाळगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

जमा केलं आणि विसरलं असं करू नका. ठरावीक मुदतीत परवाना घेऊन परत नेलं नाही किंवा रीतसर विकलं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं.

3. जुनं लायसन्सचं पुस्तक पानापानाने वाचा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि प्रत्येकाने घालवावा असं मनापासून वाटतं. लोक पुस्तकाची झेरॉक्स काढून फाइलला लावतात आणि मोकळे होतात. पण त्या पुस्तकात रायफलीचं सगळं आयुष्य लिहिलेलं असतं.

पहिलं पान बघा. परवाना 1956 च्या आधीचा असेल तर शिक्का मुंबई राज्याचा असेल, कारण 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. पुढच्या नूतनीकरणांवर म्हैसूर राज्य येतं, आणि 1 नोव्हेंबर 1973 नंतर कर्नाटक. एकाच माणसाच्या एकाच रायफलीवर तीन राज्यांचे शिक्के, आणि रायफल मात्र त्याच कपाटात. आमच्याकडच्या पुस्तकात ही तिन्ही पानं आहेत आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला मी ती दाखवतो.

मग खरेदीची नोंद बघा. कोणत्या विक्रेत्याकडून किंवा कोणाच्या नावावरून आली, कोणत्या साली. ही नोंद तुमच्या अर्जालाही लागते, कारण शस्त्र घरात कायदेशीर मार्गाने आलं याचा तोच पुरावा.

त्यानंतर काडतुसांची पानं. परवान्यावर काडतूस घेतलं की तारीख आणि संख्या चढते. ती पानं सालवार उतरवून काढा. कुठे महिन्याला थोडी थोडी, कुठे एकदम पुष्कळ, कुठे दोन-तीन वर्षं काहीच नाही. एकदम पुष्कळ घेतलेली दिसली तर स्पर्धेची तयारी असणार. त्या सालाचं प्रमाणपत्र किंवा ग्रुप फोटो ट्रंकेत शोधा. काहीच न घेतलेली वर्षं म्हणजे बहुधा बदली, आजारपण किंवा घरात लग्नकार्य. काकांच्या पुस्तकातली एक मोठी मोकळी जागा आत्याने बघताक्षणी ओळखली: आजी अंथरुणावर होती ती वर्षं. त्या काळात काका नेमबाजीच्या रेंजवर गेलेच नव्हते. आम्हा पुतण्यांपैकी कोणालाच हे ठाऊक नव्हतं.

म्हणून म्हणतो, हे पुस्तक घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर बसून वाचा. मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. एकेक तारीख वाचा आणि थांबा.

4. अर्ज आणि त्याला लागणारे कागद

वारसाला परवाना देण्याची तरतूद 2016 च्या शस्त्र नियमांतल्या नियम 25 मध्ये आहे. मूळ परवानाधारक हयात असतील तरीही रस्ता मोकळा आहे: त्यांना 70 वर्षं पूर्ण झाली असतील किंवा शस्त्र 25 वर्षं त्यांच्याकडे असेल, तर ते वारसांपैकी एकाचं नाव सुचवू शकतात. आजोबा अजून ठणठणीत असतील तर हे आत्ताच करा. त्यांच्याच हातून रायफल नातवाकडे जाते आणि पुढची निम्मी धावपळ वाचते.

बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर अर्ज आयुक्तांकडे, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. आपल्याकडे अनेक घरांत वारस पुण्याला किंवा कोल्हापूरला नोकरीला असतो. त्याने अर्ज करायचा तो स्वतः राहतो किंवा काम करतो तिथल्या अधिकाऱ्याकडे, रायफल बेळगावात असली तरी. अर्जदाराचं वय 21 पूर्ण हवं.

मी फाइल अशी लावली होती:

• फॉर्म ए-1 मधला अर्ज, फोटो
• मूळ परवाना आणि जमा पावती
• मृत्यूचा दाखला
• नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) वंशवृक्ष आणि हयात वारसांचा दाखला
• बाकी सगळ्या वारसांचं नोटरी केलेलं ना-हरकत पत्र. बहिणी आणि आत्या यांचंही. "त्यांना कशाला विचारायचं" असं म्हणणारे नंतर अडकतात
• ओळख, वय आणि रहिवासाचे पुरावे
• वैद्यकीय दाखला, फॉर्म एस-3
• शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, फॉर्म एस-1
• शस्त्र कुठे, कसं कुलुपात ठेवणार याची लेखी हमी
• रायफल क्लबचं सदस्यत्व असेल तर त्याचं पत्र

शेवटच्या कागदाचं महत्त्व सांगतो. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेलीही त्यात मोजली जाते. पण केंद्राने मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा किंवा संघटनेचा सदस्य टार्गेट सरावासाठी .22 रायफल किंवा एअर रायफल वापरत असेल तर त्याला ही मर्यादा लागू नाही. घरात शेतीराखणीची बंदूक आधीच असेल तर क्लबचं सदस्यत्व आधी घ्या आणि मग अर्ज करा.

आपल्या भागातली खरी अडचण नावांची. जुना परवाना इंग्रजीत, मृत्यूचा दाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आणि तिन्हींत आडनाव तीन तऱ्हांनी. गावाचंही तसंच, कुठे बेळगाव तर कुठे बेळगावी. सगळी रूपं एकाच व्यक्तीची आणि एकाच ठिकाणाची आहेत असं एक प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी करून ठेवा. अर्ज आणि जोडपत्रं कन्नडमध्ये भरून घ्या, आणि कन्नड नीट वाचणाऱ्या माणसाकडून सही करण्याआधी वाचून घ्या. नळीचा नंबर कन्नड अंकांत उतरवताना चुकण्याची शक्यता असते, तो इंग्रजी अंकांतही लिहायला सांगा.

परवाना मिळाला की त्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक, आहे याची खात्री करा. तो नसलेला परवाना आता धरत नाहीत. मुदत पाच वर्षांची असते. पोलिसांना अहवालासाठी 30 दिवस आणि तो मिळाल्यावर अधिकाऱ्याला निर्णयासाठी 60 दिवस असं नियमात आहे. या तारखा वहीत मांडून पाठपुरावा करा. नकार आला तर कारणं लेखी मागा, त्यावर अपील करता येतं.

आणखी एक. कोडगूच्या (कूर्ग जिल्ह्याच्या) लोकांना बंदुकीला परवान्यातून सूट आहे, आणि कर्नाटकात आहोत म्हणजे आपल्यालाही असेल, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ती सूट कोडवा समाज आणि तिथल्या जम्मा, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या, जमिनींच्या धारकांपुरतीच आहे.

5. कोगनोळीच्या पलीकडे जाण्याआधी

निपाणीहून कागल म्हणजे चहाला जाण्याएवढं अंतर, पण कायद्याने ते दुसरं राज्य. परवान्यावर "क्षेत्र" असा रकाना असतो. तिथे फक्त कर्नाटक असेल तर कोगनोळी नाक्याच्या पलीकडे, चोर्ल्याहून गोव्यात किंवा चंदगडच्या रस्त्याने आंबोलीकडे रायफल नेणं हा गुन्हा आहे. सराव कोल्हापूरला करायचा असेल तर अर्जातच क्षेत्र वाढवून मागा आणि क्लबचं पत्र जोडा. नेताना रायफल पेटीत, बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळी, परवाना खिशात.

6. निवडणूक लागली की

आचारसंहितेत शस्त्रं जमा करण्याचा आदेश निघतो. राष्ट्रीय रायफल असोसिएशनचे स्पर्धा खेळणारे नेमबाज यातून सूट मागू शकतात, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. सूट नसेल तर पायरी 2 प्रमाणेच तपशीलवार पावती घ्या आणि देण्याआधी नळीत तेलाचा हात फिरवा. निकालानंतर लगेच जाऊन आणा.

7. पावसाळा

खानापूरच्या पश्चिमेला पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. रायफल कधीही चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत कायमची ठेवू नका. पेटी ओल धरते आणि आतल्या आत गंज चढतो. लोखंडी कपाटात उभी, सुती कापडावर, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या महिन्याला उन्हात किंवा तव्यावर वाळवायच्या. धातूला पातळ बंदुकीचं तेल, अगदी पुसट. दस्त्याच्या अक्रोडी लाकडाला जवसाचं तेल, बोटाने दोन-तीन थेंब, चोळून जिरवायचं.

नळी साफ करायला कोटेड सळई, फॉस्फर ब्राँझचा ब्रश आणि सुती चिंध्या पुरतात. सळई मागून, चेंबरकडून घाला. तोंडाकडून घातली तर नळीची शेवटची धार झिजते आणि नेम जातो तो तिथेच.

पॉलिश पेपर लावू नका. नळी पुन्हा काळी करून देतो, दस्ता नवा दिसेल असा करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. गालाने घासून लाकडाला आलेली चकाकी, अंगठ्याखाली विटलेला रंग, हातटेकूच्या पट्टीवर नखाने कोरलेली रेघ ही आजोबांच्या आसनाची मापं आहेत. संग्राहकही अशीच न छेडलेली रायफल शोधत असतो. दुरुस्ती करायचीच असेल तर परवानाधारक कारागिराकडूनच.

खंडेनवमीला शस्त्रपूजा आपल्या घरांतून होते आणि व्हावीच. फक्त हळदकुंकू आणि फूल ताटात रायफलीच्या शेजारी ठेवा, धातूवर नको. ओलं बोटसुद्धा दुसऱ्या दिवशी ठसा सोडतं. पूजा झाली की लगेच कोरडं पुसून तेल लावा. आणि त्या दिवशी किंवा लग्नात हवेत बार काढायला कोणी आग्रह केला तर सरळ नाही म्हणा. त्यासाठी 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

8. आठवणी गोळा करताना

परवान्याचं पुस्तक झालं की टार्गेट कार्डं घ्या. जुन्या कार्डांवर अंतर यार्डात असेल, मागे तारीख, वारा आणि साइटचे अंक पेन्सिलीने लिहिलेले असतील. ते अंक जपा, पीपसाइट आज ज्या खुणेवर आहे ती हलवण्याआधी तिचाही फोटो घ्या. माणसाने शेवटची गोळी ज्या मापावर मारली ते माप बहुतेक तेच असतं.

प्रश्न विचारताना "आजोबा कसे होते" असं विचारू नका, उत्तर "चांगले होते" असंच येतं. रायफल कोणी उचलून दिली, रेंजवर कशावरून जायचे, सायकलला ती कशी बांधायचे, जाकीट कोणी शिवलं, घरात कोण रागवायचं, असं विचारा. आमच्याकडे काकूने सांगितलं की जाकिटाच्या कोपरावरचं चामडं तिने स्वतः जुन्या पिशवीचं लावलं होतं. तोवर ते जाकीट आम्ही टाकायला काढलेल्या कपड्यांत होतं.

काकांचे एक जुने जोडीदार फारसं बोलत नसत. त्यांना मी पॅरिस 2024 मधली स्वप्निल कुसाळे यांची 50 मीटर तीन आसनांची अंतिम फेरी दाखवली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा ऑलिंपिकचं कांस्य घेतोय, तोही त्यांच्याच प्रकारात, .22 वर. गुडघ्यावर, मग पडून, मग उभं. हे बघता बघता ते आपोआप सांगू लागले. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनचं (पडून नेम धरण्याच्या प्रकाराचं) विश्वविजेतेपद मिळवलं तेव्हा काकांनी गल्लीत पेढे वाटले होते, हे मला त्या दुपारी समजलं. घरातल्या मुलांनाही अशी फेरी दाखवा, आणि सोबत सांगा की 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलीमीटर असतं, शर्टाच्या बटणाएवढं.

सगळं एका वहीत लिहा: डाव्या पानावर कागदाची नोंद, उजव्या पानावर त्या तारखेची आठवण आणि सांगणाऱ्याचं नाव. फोटो इंटरनेटवर टाकलेत तर नंबर आणि घराचा पत्ता दिसू देऊ नका.

9. ठेवायची नसेल तर

त्यातही कमीपणा नाही. परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला विकता येते. परवानाधारकाला विकताना जिल्हाधिकारी आणि पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. सराव करणारा गरजू मुलगा किंवा मुलगी मिळाली तर मी दोन पैसे कमी घेऊनही तिकडेच देईन. वहीची एक प्रत करून रायफलीबरोबर द्या, मूळ वही आणि जुनी टार्गेट कार्डं घरात ठेवा.